स्वस्त सीडी-डीव्हीडी प्लेअरला व्हॉल्व्हची आउटपुट स्टेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरचं सर्किट एकच आहे : ईसीसी८२ हा एक व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब), त्याचा अर्धा भाग डाव्या चॅनलला आणि अर्धा उजव्या. मांडणी कॅथोड फॉलोअरची, म्हणजे सिग्नल व्हॉल्व्हच्या ग्रिडवर द्यायचा आणि कॅथोडवरून घ्यायचा, तो मोठा होत नाही. घरात धूळ खात पडलेल्या साध्या प्लेअरसाठी ते आहे. सोल्डरिंग नीट येतं, मल्टिमीटर वापरता येतो, पण व्हॉल्व्हच्या व्होल्टेजवर कधी काम केलेलं नाही, असा वाचक समोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत.

नेमकं काय बदललं जातं?

डिस्कवरचे आकडे डॅक चिपमध्ये सिग्नलचं रूप घेतात. डॅकनंतर सहसा ४५५८ किंवा ५५३२ जातीचा ऑपअँप असतो. तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा गाळतो, सिग्नल थोडा मोठा करतो आणि मागच्या सॉकेटकडे पाठवतो. आपण डॅकच्या पायाजवळूनच सिग्नल उचलतो, ऑपअँपला वळसा घालतो आणि त्याच्या जागी व्हॉल्व्ह ठेवतो. डिस्क वाचणारा भाग, लेझर, मोटर, डॅक यांतल्या कशालाही हात लागत नाही.

आवाज खरंच सुधारतो का?

मोजमापांत नाही. चांगल्या सप्लायवर चालणाऱ्या ५५३२ चं डिस्टॉर्शन ईसीसी८२ पेक्षा बरंच कमी असतं, आउटपुट इम्पीडन्सही कमी असतो. व्हॉल्व्ह थोडा दुसरा हार्मोनिक मिसळतो. तो मूळ सुराचा वरचा सा असल्यामुळे कानाला खुपत नाही, काहींना आवाज भरलेला वाटतो.

तरीही स्वस्त प्लेअरमध्ये फरक ऐकू येतो. त्याचं कारण मात्र बहुतेकदा व्हॉल्व्ह नसतो. मूळ ऑपअँप लाइन पातळीच्या सिग्नलला जेमतेम पुरेल अशा गोंगाटी स्विचिंग सप्लायवर चाललेला असतो, पुढे हलक्या प्रतीचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्यापुढे आवाज बंद करणारा म्यूटचा ट्रान्झिस्टर. आपण हे तिन्ही वगळतो आणि शांत, स्वतंत्र सप्लाय देतो. म्हणून आमचं ठाम मत आहे की या कामात सगळ्यात जास्त लक्ष सप्लायला आणि ग्राउंडच्या वायरिंगला द्यावं. चांगल्या सप्लायवरचा साधा व्हॉल्व्ह उत्तम वाजतो. वाईट सप्लायवरचा महागडा व्हॉल्व्ह नुसता घुमतो.

हे काम धोक्याचं आहे का?

हो. दोन जागी जिवाचा धोका आहे.

पहिली जागा प्लेअरच्या आतला स्विचिंग सप्लाय. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी बसतात आणि ती बाजू थेट मेन्सला जोडलेली असते. झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा, पाच मिनिटं थांबायचं. सप्लायच्या बोर्डाला स्पर्श करायचा नाही. त्या बोर्डावर आपलं काही कामही नसतं.

दुसरी जागा आपण स्वतः बांधणार आहोत तो १६० ते २१५ व्होल्टचा सप्लाय. त्याच्या शेवटच्या कपॅसिटरवर १०० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर रेझिस्टर कायमचा लावायचा. एकूण साधारण २५० मायक्रोफॅरड रिकामे व्हायला त्याला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. तीन मिनिटं थांबा आणि मग मल्टिमीटरने शून्य पाहूनच हात घाला, कारण ब्लीडरचाच डाग सुटलेला असू शकतो. चालू सर्किटवर मोजताना काळा प्रोब क्लिपने ग्राउंडला अडकवा, लाल प्रोब एका हातात आणि दुसरा हात खिशात. पायात कोरडी चप्पल हवी. हाय व्होल्टेजवर पहिल्यांदाच काम करत असाल, तर पहिल्या चालूकरणाच्या वेळी घरात दुसरं कुणीतरी असू द्या आणि मेनचं बटण कुठे आहे ते त्यांना दाखवून ठेवा.

तिसरी गोष्ट लेझर. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. झाकण उघडं ठेवून प्लेअर चालवताना लेन्सकडे वरून डोकावू नका.

आधी प्लेअरचं काय तपासावं?

डिस्क अडखळत असेल, वाचायला वेळ घेत असेल, तर व्हॉल्व्हचा विचार बाजूला ठेवा. लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. तेवढ्याने भागलं नाही तर पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग) बदला. सप्लाय बोर्डावरचे फुगलेले कपॅसिटर दिसले तर ते आधी जाणकाराकडून बदलून घ्या, स्वतः त्या बोर्डाला हात लावू नका. प्लेअर सलग तासभर न अडखळता वाजला की मग पुढचं काम.

आणखी एक पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवा. प्लेअरला कोअॅक्सियल डिजिटल आउटपुट असेल, तर बाहेरचा बरा डॅक लावून अनेकदा या कामापेक्षा मोठा फरक पडतो आणि झाकणही उघडावं लागत नाही. व्हॉल्व्हचं काम करायचं ते स्वतः बांधायची हौस असेल तर, आणि व्हॉल्व्हचा तो गोडवा हवा असेल तर.

डॅक कसा शोधायचा? सिग्नल कुठून घ्यायचा?

मागच्या सॉकेटपासून उलटं चालत जा. सॉकेटच्या मधल्या पिनेवरून निघालं की आधी ग्राउंडला जाणारा म्यूट ट्रान्झिस्टर लागतो, मग काहीशे ओहमचा रेझिस्टर, मग १० ते ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग आठ पायांच्या ऑपअँपचा पाय १ किंवा ७. हे ऑपअँपचे आउटपुट. त्याच्या इनपुटचे पाय २, ३, ५, ६. तिथून मागे जाणारे रेझिस्टर ज्या चिपला पोचतात तो डॅक. चिपवरचा नंबर भिंगातून वाचा आणि डेटाशीट काढा. अंदाजाने पाय निवडू नका.

उदाहरणार्थ सीएस४३३४ ही आठ पायांची चिप. पाय ८ डावा चॅनल, पाय ५ उजवा, पाय ६ अॅनालॉग ग्राउंड. पूर्ण पातळीला ती ३.५ व्होल्ट पीक-टू-पीक देते, म्हणजे सुमारे १.२ व्होल्ट आरएमएस, आणि या पायांवर जवळपास २.२ व्होल्ट डीसीही असतो. तो आपला इनपुट कपॅसिटर अडवतो.

अलीकडच्या बऱ्याच डीव्हीडी प्लेअरमध्ये वेगळा डॅक सापडतच नाही, तो मोठ्या मुख्य चिपच्या पोटात असतो. तिच्या केसासारख्या पायांना वायर लावायच्या भानगडीत पडू नका. ऑपअँपच्या आधीचा जो रेझिस्टर आहे, त्याच्या चिपकडच्या टोकावरून सिग्नल घ्या.

सिग्नल घेतल्यावर ऑपअँपकडे जाणाऱ्या रेझिस्टरचं एक टोक उचलून ठेवा, म्हणजे डॅकवर दुहेरी भार पडणार नाही. ऑपअँप उपटू नका. पुढे मन बदललं तर ते टोक परत डागलं की प्लेअर पूर्ववत होतो.

ग्राउंड मात्र मागच्या सॉकेटच्या पत्र्यावरून न घेता डॅकच्या अॅनालॉग ग्राउंडवरूनच घ्यायचा. सॉकेटपर्यंत येताना त्या पट्टीतून मोटर आणि डिस्प्लेचे प्रवाहही वाहत असतात. तिथून ग्राउंड घेतला की शांत जागी बारीक किरकिर ऐकू येते आणि दोष व्हॉल्व्हला दिला जातो.

प्रत्येक डॅकला हे सर्किट चालतं का?

नाही. व्होल्टेज आउटपुट आणि प्रत्येक चॅनलला एकच पाय, अशा डॅकसाठी ते आहे.

काही चिपमध्ये प्रत्येक चॅनलचे धन आणि ऋण असे दोन पाय असतात. एकच पाय वापरला तर पातळी निम्मी होते आणि दोन पायांच्या वजाबाकीत जो गोंगाट नाहीसा व्हायचा तो तसाच राहतो. अशा प्लेअरमध्ये ऑपअँप राहू द्या, सिग्नल ऑपअँपच्या आउटपुटवरून, म्यूट ट्रान्झिस्टरच्या आधी घ्या. त्याला शुद्ध व्हॉल्व्ह स्टेज म्हणता येणार नाही, पण ते स्वच्छ चालतं.

जुन्या फिलिप्स घराण्यातला टीडीए१५४१ए करंट आउटपुटचा. त्याचा झोत ४ मिलिअँपिअरचा, आणि आउटपुटच्या पायावर तो फक्त २५ मिलिव्होल्ट वरखाली सहन करतो. नुसता रेझिस्टर लावून हा नियम पाळायचा तर सिग्नल इतका लहान मिळतो की पुढे भरपूर गेनचा व्हॉल्व्ह लागतो. ते सर्किटच निराळं. ही चिप ज्या प्लेअरमध्ये निघेल तो प्लेअर शिकाऊ हातांनी उघडू नये, कारण ती चिप आता सहज मिळत नाही.

व्हॉल्व्ह प्लेअरच्या आत बसेल का?

आजच्या चपट्या प्लेअरची उंची चार-साडेचार सेंटिमीटर. ईसीसी८२ पिनांसकट ५६ मिलिमीटरपर्यंत उंच असतो, शिवाय तो तापतो. पिकअपशेजारी दुसरी शेगडी नको आणि ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही नको. पत्र्याची वेगळी पेटी करा. प्लेअरच्या मागे दोन नवीन सॉकेट बसवा, तिथून अर्धा-एक मीटर शील्डेड केबलने पेटीत सिग्नल आणा. मूळ सॉकेट तसेच राहू द्या.

सर्किट सांगा.

प्लेअरच्या आत, डॅकच्या अगदी जवळ : सिग्नलमध्ये १ किलोओहम, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १.५ नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. हा गाळणीचा भाग. त्याचा कोपरा (जिथे घट ३ डेसिबल होते ती फ्रिक्वेन्सी) सुमारे १०६ किलोहर्ट्झवर येतो आणि २० किलोहर्ट्झला फक्त ०.१५ डेसिबलची घट होते. ही गाळणी बरेच जण वगळतात. मग डॅकचा ऐकू न येणारा उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अँप्लिफायरपर्यंत जातो आणि आवाज कर्कश झाला अशी तक्रार येते.

पेटीत, प्रत्येक चॅनलसाठी :

इनपुट सॉकेटवरून ०.२२ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. तिथून १ किलोओहमचा स्टॉपर रेझिस्टर, तो थेट व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या ग्रिड पिनेवरच डागायचा (पिन २ आणि ७). प्लेट (पिन १ आणि ६) सरळ बी-प्लसला, म्हणजे हाय व्होल्टेज सप्लायच्या धन टोकाला. कॅथोडवरून (पिन ३ आणि ८) ५६० ओहम, आणि त्याच्या खाली १८ किलोओहम, १ वॉट, ग्राउंडला. कपॅसिटर आणि स्टॉपरच्या जोडापासून १ मेगओहमचा रेझिस्टर निघतो आणि तो ५६० ओहम व १८ किलोओहम जिथे भेटतात तिथे जातो. ग्राउंडला नाही. सगळ्यात जास्त चुका या एका रेझिस्टरच्या होतात.

आउटपुट कॅथोडवरूनच : २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर, मग १०० ओहम, मग आउटपुट सॉकेट. सॉकेटपासून ग्राउंडला ४७० किलोओहम.

बी-प्लस १६० व्होल्ट असताना प्रत्येक अर्ध्यातून जवळजवळ ४ मिलिअँपिअर वाहतात, कॅथोड ७० व्होल्टच्या आसपास बसतो आणि आउटपुट इम्पीडन्स साधारण ५०० ओहम मिळतो. एवढा इम्पीडन्स दोन मीटर केबल आणि १० किलोओहमचा अँप्लिफायर आरामात ओढतो.

१६० व्होल्ट कुठून आणायचे?

खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येतो, पण बाजारात तयार मिळणारे दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून काम भागतं.

पहिला १५-०-१५, १ अँपिअर. दुसरा १२-०-१२, ५०० मिलिअँपिअर, आणि तो उलटा जोडायचा. पहिल्याच्या ० आणि एका १५ व्होल्टच्या वायरमधून दुसऱ्याच्या दोन्ही १२ च्या टोकांना वीज द्यायची, दुसऱ्याची मधली वायर इन्सुलेशन लावून मोकळी सोडायची. २४ व्होल्टच्या वाइंडिंगला १५ व्होल्ट मिळाले की त्याच्या २३० च्या बाजूला भाराशिवाय १३५ ते १५० व्होल्ट एसी येतात. इथे घाईत पहिल्याची दोन्ही १५ ची टोकं जोडली तर तिकडे २९० च्या पुढे एसी जातो, रेक्टिफाय होऊन ४०० व्होल्ट ओलांडतो आणि कपॅसिटर फुटतात. म्हणून कपॅसिटर जोडण्याआधी नुसते ट्रान्सफॉर्मर जोडून एसी मोजा.

त्यापुढे १एन४००७ चे चार डायोड, ४७ मायक्रोफॅरड, १.५ किलोओहम २ वॉट, १०० मायक्रोफॅरड, परत १.५ किलोओहम, परत १०० मायक्रोफॅरड. सगळे इलेक्ट्रोलिटिक ४०० व्होल्टचे. चालताना १६० असले तरी व्हॉल्व्ह तापेपर्यंत भार नसतो, तेव्हा २१५ पर्यंत चढतात, आणि रात्री उशिरा लाइन २५० ला गेली की आणखी वर. २५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे काठावर राहतो.

पहिल्या कपॅसिटरवर सुमारे २ व्होल्टची लहर असते, शेवटच्यावर पाव मिलिव्होल्ट उरते. रेग्युलेटरची गरज पडत नाही.

पहिल्या ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला, फेज वायरमध्ये, ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि त्यानंतर स्विच.

हीटरला एसी चालेल का?

हीटर म्हणजे व्हॉल्व्हच्या आत तापणारी तार. तिला एसी चालेल, पण सिग्नल लहान आणि पेटी लहान, त्यामुळे डीसी द्या. १५-०-१५ ची मधली वायर ग्राउंडला, दोन डायोड, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, मग ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर). त्याच्या मधल्या पायाखाली एक १एन४००७ पट्टा ग्राउंडकडे ठेवून लावला की आउटपुट १२ ऐवजी १२.६ व्होल्ट येतो. हे हीटरच्या पिन ४ आणि ५ ला. पिन ९ मोकळी. ईसीसी८२ असा जोडला की १५० मिलिअँपिअर घेतो.

७८१२ ला छोटा हीटसिंक लागतो, तो सुमारे १ वॉट उष्णता टाकतो. त्याचा पत्रा मधल्या पायाशी आतून जोडलेला असतो, म्हणून पेटीवर कसताना अभ्रकाचा वॉशर आणि प्लास्टिकची बुश घाला. नाहीतर खालचा डायोड शॉर्ट होऊन १२ व्होल्टच मिळतात.

१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इथे का नको? २३० ला तो पुरतो. पण संध्याकाळी लाइन २०० वर आली की ७८१२ ला हवे असलेले वरचे दोन व्होल्ट उरत नाहीत आणि हीटरमधून १०० हर्ट्झची घूं सुरू होते. दिवसा शांत आणि संध्याकाळी घुमणारी पेटी दिसली की आधी हेच बघावं.

पहिल्यांदा चालू कसं करायचं?

व्हॉल्व्ह न लावता. हीटरच्या पिनांवर १२.४ ते १२.८ व्होल्ट डीसी. शेवटच्या कपॅसिटरवर १९० ते २१५. बंद करा, तीन मिनिटं थांबा, मोजा. आता व्हॉल्व्ह लावा, अँप्लिफायर अजून जोडू नका. अर्ध्या मिनिटात हीटर नारिंगी दिसेल. एक-दोन मिनिटांनी मोजा : बी-प्लस १५० ते १७०, दोन्ही कॅथोड ६५ ते ७५, ५६० ओहमवर २ ते २.४ व्होल्ट, आउटपुट सॉकेटवर शून्य.

ग्रिडवर प्रोब ठेवून मोजू नका. मीटरचा स्वतःचा १० मेगओहम भार तिथे आकडा चुकवतो. ५६० ओहमवरचा आकडा पुरेसा बोलका असतो.

आकडे चुकले तर : कॅथोड शून्य आणि बी-प्लस २०० असेल तर हीटर पेटलेला नाही किंवा प्लेटची वायर सुटली आहे. कॅथोड ६ ते १० व्होल्टवर अडकला असेल तर १ मेगओहम ग्राउंडला गेला आहे. आवाज येईल, पण मोठ्या पातळीला फाटेल. दोन कॅथोडमध्ये १० व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर व्हॉल्व्हचे दोन भाग जुळलेले नाहीत किंवा एक थकला आहे. दुसरा व्हॉल्व्ह लावून पाहा. आउटपुटवर काही व्होल्ट डीसी टिकून राहत असेल तर २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर गळतो आहे, तो अँप्लिफायरला जोडायचाच नाही.

चालू-बंद करताना स्पीकर धप्प वाजतो. काय करू?

व्हॉल्व्ह तापताना कॅथोड शून्यावरून ७० व्होल्टवर चढतो आणि तो धक्का कपॅसिटरमधून बाहेर पडतो. त्यासाठी रिले लावायचा, तो वगळून चालणार नाही.

१२ व्होल्टचा, दोन चेंजओव्हर संपर्कांचा रिले घ्या. बंद अवस्थेत जोडलेले संपर्क दोन्ही आउटपुट सॉकेट ग्राउंडला शॉर्ट करतील असे लावा. १०० ओहमचा रेझिस्टर याच कामासाठी मध्ये आहे. रिलेची कॉइल ५५५ या टायमर चिपच्या पाय ३ आणि ग्राउंडमध्ये, तिच्यावर उलटा १एन४००७. पाय ४ आणि ८ हीटरच्या १२.६ व्होल्टला, पाय १ ग्राउंडला. पाय २ आणि ६ एकत्र. त्यांच्यापासून १२.६ व्होल्टकडे १०० मायक्रोफॅरड (धन टोक सप्लायकडे) आणि ग्राउंडकडे ३३० किलोओहम. त्या ३३० किलोओहमवर एक १एन४१४८, पट्टा पाय २-६ च्या बाजूला. सुमारे ३६ सेकंदांनी रिले ओढतो आणि आवाज सुरू होतो. बंद केल्यावर रिले सुटून आउटपुट परत शॉर्ट होतो.

घूं आवाज येतो. कुठून शोधायला सुरुवात करू?

आधी तो कोणता आहे ते ओळखा. नुसत्या तानपुऱ्याने सुरू होणारी एखादी ख्यालाची सीडी लावा. जोडीच्या तारांमागे एक न हलणारा, बेसूर खर्ज ऐकू आला की हम आहे. मग प्लेअरकडून येणारी केबल काढून पेटीचं इनपुट शॉर्ट करा. हम राहिला तर तो पेटीतला, गेला तर तो जोडणीतला.

जोडणीतला हम बहुतेक वेळा ग्राउंड लूपचा असतो. पेटीला तीन पिनी प्लग आणि अर्थिंग हवंच. अँप्लिफायरलाही अर्थिंग असेल तर दोन वाटांनी लूप होतो. उपाय : पेटीचा पत्रा थेट अर्थिंगला, पण सर्किटचा स्टार ग्राउंड (सगळे ग्राउंड जिथे एकत्र येतात तो बिंदू) पत्र्याला १० ओहममधून जोडा, त्या १० ओहमला समांतर उलटसुलट दोन डायोड आणि ०.१ मायक्रोफॅरड. सगळे सॉकेट पत्र्यापासून इन्सुलेटेड. अर्थिंगची पिन कापून हम घालवणं हा उपाय नव्हे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर पेटीचा पत्रा फेजवर येईल. पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये तिसरी पिन दिसते पण अर्थिंग नावालाच असतं, तेव्हा काम सुरू करण्याआधी वायरमनकडून ते तपासून घ्या.

पेटीतला हम असेल तर ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हपासून १५ सेंटिमीटरवर न्या, नटबोल्ट कसायच्या आधी फिरवून पाहा. एका विशिष्ट कोनात हम एकदम पडतो. पहिल्या ४७ मायक्रोफॅरडचं ऋण टोक रेक्टिफायरला थेट जोडलेलं असावं आणि स्टार ग्राउंड त्याच्यानंतर, शेवटच्या कपॅसिटरवर.

प्लेअरच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, ही वेगळी गोष्ट. दोन पिनी स्विचिंग सप्लायच्या गाळणी कपॅसिटरमधून येणारा तो सूक्ष्म प्रवाह असतो. पण केबल लावताना तोच प्रवाह डॅकमधून जाऊ शकतो, म्हणून जोडण्या बंद करूनच करा.

ईसीसी८८ किंवा ६एन१पी लावला तर?

या सॉकेटमध्ये नाही. त्यांचा हीटर पिन ४ आणि ५ मध्ये ६.३ व्होल्टचा असतो. इथे १२.६ आहेत, म्हणजे काही सेकंदांत हीटर खलास. ईसीसी८१ आणि ईसीसी८३ यांचा हीटर जुळतो, पण ईसीसी८३ ४ मिलिअँपिअर आरामात देणारा नव्हे आणि ईसीसी८१ साठी ५६० ओहम बदलावा लागतो. ईसीसी८२ आणि १२एयू७ हे एकच.

जेजे किंवा इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचा नवा व्हॉल्व्ह पुरेसा चांगला आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्हही उत्तम, पण न वापरलेला असल्याची खात्री करून घ्या. काचेच्या टोकाशी चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह मेलेला.

पुण्यात सामान कुठे मिळतं?

रेझिस्टर, डायोड, ७८१२, ५५५, रिले, तयार ट्रान्सफॉर्मर, पत्र्याची पेटी, हे सगळं बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास एका फेरीत होतं. वायर, फ्यूज होल्डर आणि स्विच तपकीर गल्लीत. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मोडके रेडिओ मिळतात आणि त्यांतून नऊ पिनांचे सॉकेट किंवा एखादा व्हॉल्व्ह निघतो. सॉकेटच्या पिना सैल असतील तर सुईने जवळ ओढा, त्यापेक्षा नवा सिरॅमिक सॉकेट बरा. रेडिओतले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुकट दिले तरी घेऊ नका. व्हॉल्व्ह आणि ४०० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर बहुधा मागवावे लागतात, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर.

पावसाळ्यात काही काळजी?

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि १ मेगओहमच्या आसपास गळती सुरू होते. लक्षण म्हणजे चालू केल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं चुरचुर, मग शांत. बोर्ड आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या ब्रशने धुऊन काढा. बंद पेटी महिनाभर पडून राहिली असेल तर आधी बी-प्लस मोजा, मग ऐका. वीज येऊन-जाऊन करत असेल तेव्हा प्लग काढून ठेवा.

आवाज आधीपेक्षा लहान झाला. चुकलं का?

नाही. मूळ प्लेअर २ व्होल्टच्या आसपास देत होता, आता सीएस४३३४ सारख्या डॅकचे १.२४ गुणिले ०.९१ (कॅथोड फॉलोअरचा गेन) म्हणजे १.१ व्होल्ट मिळतात. फरक सुमारे ५ डेसिबल. व्हॉल्यूम थोडा पुढे न्यायचा. गेनची दुसरी स्टेज लावू नका, तिने पातळी दहापट जास्त होईल आणि ती परत कापावी लागेल.

तुलना करताना हा फरक आधी भरून काढा, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. कोऱ्या डिस्कवर ४०० हर्ट्झचा सूर लिहा (स्वस्त मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकतात, ४०० ला बहुधा बरोबर दाखवतात), स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही जोडण्यांना तोच आकडा येईल असा व्हॉल्यूम ठेवा. कोणती जोडणी चालू आहे ते ऐकणाऱ्याला कळू देऊ नका.

महागडे कपॅसिटर घ्यावेत का?

आउटपुटला पॉलिप्रॉपिलीन, बस. २.२ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम इनपुटच्या अँप्लिफायरला खालचा कोपरा ७ हर्ट्झवर येतो, ४७ किलोओहमला दीड हर्ट्झवर. अँप्लिफायर ४७ किलोओहमचा असेल तर १ मायक्रोफॅरडही पुरतो. वाचलेले पैसे चांगल्या पेटीत आणि चांगल्या सॉकेटमध्ये घाला.

व्हॉल्व्ह किती टिकतो?

अशा सौम्य वापरात हजारो तास. वर्षातून एकदा ५६० ओहमवरचं व्होल्टेज मोजून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा. ते १.५ व्होल्टच्या खाली गेलं की नवा लावा. झाकणाला व्हॉल्व्हच्या वर आणि तळाला भोकं पाडायला विसरू नका, पण बोट आत जाईल एवढी मोठी नकोत.